गरुडाची पिसं मोजणारी माणसं

१८७८ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चांदीचा नवा डॉलर पडू लागला. एका बाजूला स्वातंत्र्यदेवी, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. सगळं यथासांग होतं, फक्त गरुडाच्या शेपटीला आठ पिसं निघाली. आधीच्या अमेरिकी नाण्यांवरच्या गरुडांना पिसं विषम संख्येत असत, ही बाब कुणाच्या तरी ध्यानात आली आणि शेपूट सात पिसांची करा असा हुकूम सुटला. तोवर आठ पिसांचे साडेसात लाखांच्या घरात डॉलर पाडून झाले होते. शिवाय आठ पिसांचे कितीतरी साचे तयार पडलेले. सरकारी माल, टाकवतोय कुणाला? त्यांतल्या काही साच्यांवर सात पिसांचा ठसा वरूनच दाबला गेला. परिणामी नव्या सातांच्या खालून जुन्या आठांची टोकं डोकावू लागली, साडीखालून परकर दिसावा तशी.

बाहेरच्या जगाने याची दखल घेतली नाही. जगाला तेव्हा तो डॉलरच नको होता, मग त्याची पिसं कोण मोजतो! पण आज अमेरिकेत चांगली सुबुद्ध, वेळच्या वेळी कर भरणारी, नातवंडं असलेली माणसं एक डोळा मिटून दुसऱ्याला भिंग लावतात आणि नेमकं हेच करतात. खालून डोकावणारी टोकं चार की पाच की सात, यावर नाण्याची जात ठरते, जातीवर किंमत ठरते आणि किमतीवर घरातलं वातावरण.

या डॉलरची जन्मकथा म्हणजे गरज नसताना केलेल्या सरकारी खरेदीची कथा. नेव्हाडातल्या कॉमस्टॉकच्या खाणींतून चांदीचा पूर आला आणि भाव घसरू लागले. त्यातच १८७३ च्या कायद्याने चांदीचा जुना डॉलर बंद केलेला. खाणवाले त्या कायद्याला ‘७३ चा गुन्हा’ म्हणत आणि इतिहासाच्या पुस्तकांतही तेच नाव टिकलं. खाणवाले आणि कर्जाने पिचलेले शेतकरी अशी विजोड युती जमली. तिने काँग्रेसला हलवलं आणि १८७८ चा ब्लँड-ॲलिसन कायदा पुढे आला: सरकारने दर महिन्याला वीस ते चाळीस लाख डॉलरची चांदी घ्यायची आणि तिचे डॉलर पाडायचे. राष्ट्राध्यक्ष हेज यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो त्याच दिवशी धुडकावला. म्हणजे गिऱ्हाईक नाही, राष्ट्राध्यक्ष राजी नाहीत, तरी कारखाना जोरात. मराठी वाचकाला यात फारसं नवल वाटू नये.

लोकांनी नाणं हातात घेतलं, तोललं आणि परत दिलं. वजन २६.७३ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त. व्यास दीड इंच. असे दहा-वीस खिशात टाकून कुणी चार पावलं चाललं तर विजार कमरेवर राहील याची शाश्वती नाही. पश्चिमेकडच्या खाणकामगारांना आणि जुगाऱ्यांना ते आवडायचं, कारण टेबलावर आपटलं की दखल घ्यावीच लागे. बाकी देशाने कागदी ‘सिल्व्हर सर्टिफिकेट’ पसंत केलं. प्रत्यक्ष डॉलर हजार-हजाराच्या कापडी पिशव्यांत बांधले गेले, एकेक पिशवी सत्तावीस किलोंची, आणि तळघरात जाऊन बसले. १९०४ पर्यंत आणि नंतर १९२१ मध्ये मिळून हे पासष्ट कोटींच्या आसपास डॉलर पडले. त्यांतले कितीतरी जन्मले, पिशवीत पडले आणि तिथेच म्हातारे झाले.

नाणं कोरणारा जॉर्ज मॉर्गन हा इंग्लंडहून १८७६ मध्ये आलेला. देवी मात्र अस्सल अमेरिकी हवी, म्हणून त्याने फिलाडेल्फियातल्या ॲना विलेस विल्यम्स या शिक्षिकेला समोर बसवलं. नाव बाहेर फुटणार नाही या बोलीवर बाई तयार झाल्या. नाव अर्थातच फुटलं. मग पत्रं आली, आगंतुक आले, नाटकात काम करण्याचं बोलावणंही आलं. बाईंनी सगळ्यांना वाटेला लावलं आणि शाळेतली नोकरी चालू ठेवली. गरुडाची अवस्था त्याहून वाईट. लोकांना तो गिधाड वाटला, आणि ‘गिधाड डॉलर’ हेच नाव नाण्याला चिकटलं.

ते नाणं भिंगाखाली पाहण्यासारखं आहे खरं. देवीचा गाल भरदार आणि मोकळा, एक रेघही नसलेला. हीच त्याची दुखरी जागा: पिशवीत हजार भावंडांबरोबर आदळताना पहिला ओरखडा गालावरच उठतो. कपाळावर ‘लिबर्टी’ लिहिलेली पट्टी, तिच्या मागे गहू आणि कापसाच्या बोंडांचा तुरा. वापरलेल्या नाण्यात कानावरची केसांची बट सगळ्यात आधी झिजते. मानेच्या कडेला मॉर्गनचं बारीक ‘एम’. नाणं उलटलं की गरुडाखाली हार, हाराच्या गाठीखाली टांकसाळीचं अक्षर. ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लीन्स, ‘सीसी’ म्हणजे नेव्हाडातली कार्सन सिटी. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. मूळ घराण्याला आडनाव सांगावं लागत नाही. न्यू ऑर्लीन्सचा हात हलका, त्यामुळे तिथल्या बऱ्याच गरुडांच्या छातीवर पिसंच उमटलेली नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोचा गरुड मात्र पीस न् पीस मोजून घ्या म्हणतो.

तळघरातल्या पिशव्यांवर पहिली मोठी धाड पडली ती १९१८ मध्ये, आणि तिचं कारण हिंदुस्थानात होतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी इथून अमाप माल उचलला आणि बदल्यात नोटा छापल्या. नोटेवर रुपये देण्याचं वचन होतं आणि लोकांनी ते मनावर घेतलं. खिडकीशी जायचं, नोट सरकवायची, कलदार रुपया मागायचा, घरी नेऊन पुरायचा नाहीतर सोनाराच्या हवाली करायचा, असा सपाटा सुरू झाला. सरकारने एक रुपयाची नोट काढली, अडीच रुपयांची काढली, लोक बधेनात. चांदी तळाला गेली तेव्हा लंडनने वॉशिंग्टनला साकडं घातलं. एप्रिल १९१८ मध्ये नेव्हाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाचा कायदा झाला आणि २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ डॉलर भट्टीत गेले. त्यांतल्या २५ कोटी ९१ लाखांहून अधिक डॉलरांची चांदी हिंदुस्थानसाठी होती. ती मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत येऊन तिचे रुपये झाले.

हिशेब मोठा चोख बसतो. डॉलरमध्ये शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन, कलदार रुपयात १६५. भागाकार बरोबर सव्वादोन, बाकी शून्य. तेव्हा घरच्या देव्हाऱ्यात पंचम जॉर्जचा १९१८ किंवा १९१९ चा रुपया असेल, तर त्याच्या अंगात ॲनाबाईंच्या गालाचा अंश असू शकतो. पिटमन साहेबांना मात्र हिंदुस्थानचा कळवळा वगैरे काही नव्हता. जितके डॉलर वितळतील तितके पुन्हा पाडायचे, आणि त्यासाठी अमेरिकी खाणींची चांदी औंसाला एक डॉलर या भावाने घ्यायची, अशी सोय त्यांनी कायद्यातच करून ठेवली होती. बाजारभाव पुढे पडला तरी खाणवाल्यांचा भाव ठरलेला. नेव्हाडाने आपला सिनेटर वाया घालवला नव्हता.

भट्टीत टाकताना कुणीही नाण्यावरची सालं पाहिली नाहीत, आणि संग्राहकांचा सगळा धंदा या बेफिकिरीवर उभा आहे. किती पाडले याची नोंद आहे. कुठल्या सालचे किती वितळले याची नाही. शंभर वर्षं ही मंडळी सरकारने न केलेला जमाखर्च मांडत बसली आहेत. १८९५ चं उदाहरण घ्या. फिलाडेल्फियाच्या वहीत त्या साली नेहमीच्या वापराचे १२,००० डॉलर पाडल्याची नोंद आहे. आजवर त्यांतला एकही हाती लागलेला नाही. उरले आहेत ते संग्राहकांसाठी मुद्दाम चकचकीत पाडलेल्या ८८० नमुन्यांतले काही, आणि त्यांच्यामागे माणसं हजारो डॉलर घेऊन धावतात. ते १२,००० कधी पडलेच नाहीत, ते जुन्या सालाच्या साच्यातून पडले, ते भट्टीत गेले, अशी मतं आहेत आणि प्रत्येक मताचे कट्टर अनुयायी आहेत. कुणी सांगावं, सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या आजीबाईंच्या पैंजणांत सात-आठ विसावले असतील.

उलट प्रकारही घडतो, आणि तो जास्त करुण. १९०३ चा न्यू ऑर्लीन्सचा डॉलर कुठे दिसायचाच नाही. सगळे वितळले असणार अशी सर्वांची खात्री. १९४६ पासून निघणाऱ्या ‘रेड बुक’ या लाल बांधणीच्या दरपुस्तकात १९६२ च्या सुमारास त्याच्या कोऱ्या नगाचा भाव दीड हजार डॉलर होता. ज्याच्याकडे तो होता त्याला चारचौघांत वजन होतं. मग १९६२ च्या अखेरीस नाताळच्या मागणीसाठी सरकारी तळघरातल्या जुन्या पिशव्या निघाल्या, आणि त्यांत भरून काय होतं? १९०३, न्यू ऑर्लीन्स, कोरेकरकरीत, पिशव्याच्या पिशव्या. दुर्मिळ नाण्याचा मालक एका आठवड्यात साध्या नाण्याचा मालक झाला.

या बातमीने लोक पिसाटले. कागद द्या, डॉलर न्या, हा नियम अजून चालू होता. वॉशिंग्टनमध्ये ट्रेझरीच्या दारात रांगा लागल्या. माणसं पिशव्याच उचलून नेऊ लागली. मार्च १९६४ मध्ये सरकारने खिडकी बंद केली. मागे राहिलेल्या नाण्यांची शिरगणती केली तेव्हा कळलं, की तीस लाखांच्या आसपास डॉलर उरले आहेत आणि बहुतेक कार्सन सिटीचे, म्हणजे सगळ्यात भाव खाणारे. १८८४ मध्ये तिथे ११ लाख ३६ हजार डॉलर पडले होते. त्यांतले ९ लाख ६२ हजारांहून जास्त अजून सरकारच्याच कोठारात. ऐंशी वर्षं चलनात ‘असलेल्या’ नाण्यांपैकी शंभरातल्या पंचाऐंशींनी घराबाहेर पाऊलच टाकलं नव्हतं. १९७२ पासून सरकारने ते प्लास्टिकच्या डब्यांत घालून टपालाने विकायला काढले. एका डॉलरची किमान बोली तीस डॉलर. ज्या जनतेने हे नाणं एका डॉलरला नाकारलं होतं, तिच्याच नातवंडांनी ते तिसापट देऊन नेलं.

सरकारी तळघराला खासगी तोडही होती. नेव्हाडातल्या रीनो गावचे लावेर रेडफील्ड हे श्रीमंत गृहस्थ बँकेवर आणि कर खात्यावर सारखाच अविश्वास ठेवत. कर चुकवल्याबद्दल तुरुंगातही जाऊन आले. १९७४ मध्ये ते वारले तेव्हा घराच्या तळघरातून, खोट्या भिंतीमागून, चार लाखांहून जास्त चांदीचे डॉलर निघाले. १९७६ मध्ये तो साठा ७३ लाख डॉलरला गेला. ‘रेडफील्डच्या घरातलं’ असं लेबल असलेल्या नाण्याला आज वरचढ भाव मिळतो. संग्राहकांच्या जगात घराणं चोख असावं लागतं, घराण्यातल्या माणसाचं तसं काही नाही.

हा मुद्दा पटत नसेल तर डॉक्टर विल्यम शेल्डन यांच्याकडे वळावं. नाण्याची प्रत १ ते ७० गुणांत मोजण्याची पद्धत त्यांची, १९४९ मधली. तीही डॉलरसाठी नव्हे, तांब्याच्या जुन्या सेंटसाठी केलेली. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. शंभर का नाहीत, असं विचारू नये. शेल्डन हे मुळात मानसशास्त्रज्ञ. माणसांचेही त्यांनी गोल, पिळदार आणि किडकिडीत असे तीन प्रकार पाडले आणि देहावरून स्वभाव सांगण्याचा उद्योग केला. माणसांची प्रतवारी विज्ञानाने मोडीत काढली, नाण्यांची जगभर चालू आहे. त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट नाणी काढून घेऊन त्यांच्या जागी हलक्या प्रतीची ठेवण्याचा हातखंडाही त्यांना साधला होता. प्रकरण कोर्टात गेलं. प्रतीतला फरक त्यांना इतरांपेक्षा चांगला कळत होता, एवढं निश्चित.

आता हे गुण देण्यासाठी कंपन्या आहेत. नाणं पाठवायचं, पैसे भरायचे, तज्ज्ञ पाहतात आणि ते प्लास्टिकच्या वडीत कायमचं बंद करून पाठवतात. संग्राहक त्या वडीला ‘स्लॅब’ म्हणतात. साठापासून पुढचे सगळे गुण न वापरलेल्या नाण्यांचे. पासष्ट आणि सहासष्ट यांतला फरक म्हणजे गालावरचा एखादा केसाएवढा ओरखडा, आणि काही सालांच्या बाबतीत तेवढ्यात एका मोटारीची किंमत इकडची तिकडे होते. गुण पटले नाहीत तर वडी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवण्याची प्रथा आहे. रिचेकिंगचे अर्ज भरून मोठ्या झालेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको.

या छंदात एकच महापातक आहे, ते म्हणजे नाणं घासणं. मराठी घरात गौरी-गणपतीच्या आधी चांदीचं तबक रांगोळीने नाहीतर टूथपेस्टने लख्ख केलं नाही तर बोलणी खावी लागतात. तोच हात १८८९ च्या कार्सन सिटीवर फिरला तर हजारोंचं नाणं क्षणात चांदीच्या भावाकडे धाव घेतं. संग्राहकाला हवा असतो तो काळ. पिशवीच्या कापडातल्या गंधकाने नाण्याच्या एका बाजूवर निळी, जांभळी, सोनेरी चंद्रकोर चढली असेल तर तिला ‘टोनिंग’ म्हणायचं आणि जादा पैसे मोजायचे. त्यामुळे काही उद्योगी माणसं नाण्याशेजारी उकडलेलं अंडं ठेवून ऐंशी वर्षांचं काम आठवड्यात उरकतात. मग हा रंग पिशवीचा की अंड्याचा, यावर वाद झडतात.

बनावटीत तर याहून नाजूक कलाकुसर आहे. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत फक्त एक लाख डॉलर पडले. झिजून गुळगुळीत झालेला नगही हजारो डॉलर खातो. म्हणून फिलाडेल्फियाचा १८९३ घ्यायचा आणि मागे ‘एस’ चिकटवायचा, ही जुनी चाल. पण ते लाख डॉलर देवीच्या बाजूच्या एकाच साच्यातून निघाले, त्यामुळे ‘लिबर्टी’तल्या ‘टी’च्या डोक्यावर एक अतिबारीक तिरकी रेघ खऱ्या नगावर असते. ती रेघ शोधताना माणसं श्वास रोखतात. साच्यांच्या अशा खोडी टिपून व्हॅन ॲलन आणि मॅलिस या जोडीने १९७१ मध्ये यादीच केली. आज तिच्यातले प्रकार हजारोंनी मोजतात आणि काहींना टोपणनावं आहेत. न्यू ऑर्लीन्सच्या १८८८ च्या एका साच्यात ठसा सरकून देवीचे ओठ दुहेरी उमटले. तिचं नाव ‘हॉट लिप्स’. त्याच सालच्या दुसऱ्या साच्याला चेहऱ्यावरून तडा गेला, ती ‘स्कारफेस’. ॲनाबाईंनी नाटकाला नकार दिला होता, तरी भूमिका चुकल्या नाहीत.

आणि सगळ्यात मोठी बनावट? ती सरकारनेच केली. १८३४ मध्ये सयामचा राजा आणि मस्कतचा सुलतान यांना नाण्यांचे संच नजर करायचे ठरले. डॉलर तर कैक वर्षांत पडलेला नाही. दफ्तर चाळलं, शेवटची नोंद १८०४ ची सापडली, त्याप्रमाणे नव्या डॉलरवर १८०४ घातलं. पण १८०४ मध्ये जे पडले होते त्यांच्यावर साल होतं १८०३. काटकसर म्हणून जुने साचे वापरलेले. म्हणजे ‘१८०४ चा डॉलर’ १८०४ साली नव्हताच. पुढे टांकसाळीतल्याच काही मंडळींनी गुपचूप आणखी थोडे पाडून खपवले. मस्कतच्या सुलतानाच्या संचातला मानला जाणारा नग ऑगस्ट २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरला विकला गेला. चुकीच्या सालाला एवढा मान पंचांगातही नाही.

पिटमन कायद्याने वितळलेल्यांच्या भरपाईसाठी १९२१ मध्ये मॉर्गनचा डॉलर परत आला आणि त्या वर्षाअखेरीस युद्धसमाप्तीच्या स्मरणार्थ ‘पीस डॉलर’ निघाला. त्याच्यावरची देवी म्हणजे शिल्पकार अँथनी दे फ्रान्चिशी यांची पत्नी टेरेसा. मूळ चित्रात गरुडाच्या पायाशी मोडलेली तलवार होती. मोडकी तलवार म्हणजे पराभव, अशी वर्तमानपत्री ओरड झाली आणि ती ठशातून खरवडून काढण्याचं काम आलं शहात्तर वर्षांच्या मॉर्गनच्याच वाट्याला. नोकरीच्या सुरुवातीला पीस काढा, शेवटी तलवार काढा.

हा पीस डॉलर १९३५ ला थांबला. पण १९६४ मध्ये काँग्रेसने पुन्हा परवानगी दिली आणि मे १९६५ मध्ये डेन्व्हरला ३ लाख १६ हजार ७६ नग पडले, साल १९६४ घालून. देशात सुट्ट्या नाण्यांची टंचाई असताना हे नसते लाड कशाला, म्हणून बोंब झाली. सरकारने सगळे मोजून, तोलून वितळवले. या वेळी मात्र हिशेब ठेवला. तरीही एखाद-दोन निसटले, कुणाच्या तरी मेव्हण्याने डोळ्यांनी पाहिलाय, अशा गोष्टी संग्राहकांच्या मेळाव्यात जेवणानंतर निघतातच. २०१३ मध्ये गुण देणाऱ्या पीसीजीएस कंपनीने जाहीर केलं, की असा डॉलर नुसता पाहायला आणून द्या, दहा हजार डॉलर देतो. अडचण एवढीच, की ते नाणं बाळगणं बेकायदा समजलं जातं आणि दिसलं की सरकार जप्त करणार. मेव्हणा अजून पुढे आलेला नाही.